सुरतेहून उमगलेले विश्वेश्वरय्या

सुरतेच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत शिकत असताना 'पॉवर सिस्टिम्स' या विषयाने मला बराच घाम फोडला. पुस्तकातले समीकरण सुटे, पण अर्थ हाती लागत नसे. तो लागला उकाईच्या सहलीत. 1972 साली पुऱ्या झालेल्या तापीवरच्या त्या धरणाखाली 75 मेगावॉटचे चार संच आहेत. मोठ्या प्रमाणावर वीज साठवणे अवघड. पाणी मात्र साठवता येते, आणि मागणी वाढली की तेच टर्बाइनवर सोडता येते. एवढी साधी गोष्ट! परतताना आमचे प्राध्यापक सहज बोलून गेले, की विश्वेश्वरय्याही एके काळी सुरतेत नोकरीला होते.

मी बेळगावचा. हे नाव शाळेत कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांतून ऐकलेले. पण सुरत कधी ऐकली नव्हती. मग ग्रंथालयात बसलो.

15 सप्टेंबर 1861 रोजी मुद्देनहळ्ळीत त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. शिकवण्या करून बंगळूरला बी.ए. आणि मग म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याचे सायन्स कॉलेज. 1883 मध्ये परीक्षेत पहिले आले, नि पुढच्याच वर्षी नाशकात मुंबई इलाख्याच्या नोकरीत रुजू झाले. सिंधमधल्या सक्करला पाणीपुरवठ्याचे काम केल्यावर 1896 च्या सुमारास ते कार्यकारी अभियंता म्हणून सुरतेला आले. मुक्काम थोडाच झाला. पुढे 1903 मध्ये खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले: पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की ते आपोआप उघडत, उतरले की मिटत. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला.

माणूस स्थापत्याचा, विजेचा नव्हे. तरी आमच्या विषयाचे मर्म त्यांना आमच्याआधी कळले होते. कावेरीवर शिवनसमुद्र येथे 1902 मध्ये वीज तयार होऊ लागली आणि सुमारे 147 किलोमीटर तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींना जाऊ लागली. पण उन्हाळ्यात नदी आटे, वीज घटे, आणि खाणीला ऋतू नसतो. 1909 मध्ये म्हैसूरचे मुख्य अभियंता झाल्यावर विश्वेश्वरय्यांनी वरच्या अंगाला कन्नंबाडीजवळ धरण सुचवले. एवढा खर्च संस्थानाला झेपेल का, म्हणून विरोध झाला. शेवटी महाराजांनी मान्यता दिली. 1911 मध्ये काम सुरू झाले. खाणींना जादा वीज 1915 च्या जुलैपासून द्यायची होती. मजूर दिवसरात्र राबले आणि वायदा पाळला गेला. सगळे धरण पुरे व्हायला मात्र आणखी पंधरा-सोळा वर्षे लागली.

1912 ते 1918 ते दिवाण होते. मागासवर्गीयांना नोकऱ्यांत जागा राखून ठेवण्याच्या प्रश्नावर मतभेद होऊन त्यांनी ते पद सोडले. त्यांची ही भूमिका मला पटत नाही, आणि गौरवग्रंथ हा भाग घाईने का उरकतात, तेही समजत नाही. 1955 मध्ये भारतरत्न मिळाले. 14 एप्रिल 1962 रोजी शंभरी ओलांडून ते गेले.

त्या साठ्याखाली कन्नंबाडी गाव बुडाले, गावचे वेणुगोपाळाचे जुने देऊळही. पाणी फार उतरले की त्याचे दगड दिसत. आता ते देऊळ उचलून काठावर पुन्हा बांधले आहे.