दुष्काळातील माउली

इ. स. १८९६ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. ती वार्ता पुण्यास शारदासदनात येताच पंडिता रमाबाईंच्या डोळ्यांपुढे स्वतःच्या उपासमारीचे दिवस उभे राहिले.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने रमेला. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे. अशातच दुष्काळ आला आणि आई, वडील व थोरली बहीण अन्नावाचून गेली. उरलेली भावंडे अनवाणी, अर्धपोटी देशभर फिरली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. पण पुढे भाऊ गेला, पतीही गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या महाराष्ट्रात आल्या.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अमेरिकेतील लोकांच्या साहाय्याने त्यांनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले व पुढे ते पुण्यास नेले. तेथे धर्मांतरावरून मोठा वाद माजला. पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाई मात्र डगमगल्या नाहीत.

आता दुष्काळ ऐकून त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. इतक्या जणींना पोसण्याइतका पैसा जवळ नव्हता. तरी अन्नछत्रांतून व रस्त्यांतून हाडांचे सापळे झालेल्या सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी गोळा केल्या. पण पुण्यात प्लेग! सरकारी निर्बंधांमुळे त्यांना तेथे ठेवता येईना. तेव्हा केडगावच्या मोकळ्या माळावर बिऱ्हाड थाटावे लागले. तेथे विहिरी खणल्या, शेती केली, इमारती उभ्या राहिल्या. तेच मुक्तिसदन. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही शेकडो मुली आल्या. एवढ्या जणींना रोज दोन वेळ जेवू घालणे ही काय सामान्य गोष्ट! पण रमाबाईंना नुसते पोट भरून भागत नव्हते. कोणी विणकाम शिकली, कोणी तेलाचा घाणा चालवू लागली. मनोरमाबाईंनी आंधळ्या मुलींना बोटांनी वाचावयास शिकविले.

रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलाचे सोपे मराठी भाषांतर केले. छापखानाही केडगावचाच होता. कधी काळी ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्या मुली तेथे खिळे जुळवीत असत. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. त्या दुःखातही रमाबाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांनी देह ठेवला.