शिलकी अंदाजपत्रकाचा हिशेब

अंदाजपत्रक शिलकी म्हणजे देश सुस्थितीत, असा आपला समज असतो. ना. गोपाळ कृष्ण गोखले यांनी तो १९०२ सालीच खोडून काढला होता.

गोखले कोकणातल्या कोतळूकचे. जन्म १८६६ चा. १८७९ मध्ये वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते गोपाळच्या शिक्षणासाठी धाडीत. उरलेल्या सातांत घर कसे चालले असेल, हे आमच्यासारख्या घरांतून आलेल्यांना सांगायला नको.

फर्ग्युसनचे हे प्राध्यापक पुढे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. तेथे सुमारे सात कोटींच्या शिलकेबद्दल सरकारचे अभिनंदन चालले होते. गोखल्यांनी त्यात सामील होण्यास नकार दिला. रुपया घसरला, तेव्हा इंग्लंडला द्यावयाच्या रकमा भागविण्यासाठी कर चढविले गेले; १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला अडीच रुपये झाला. पुढे रुपया सावरला, कर मात्र तसेच राहिले. दुष्काळ आणि प्लेगने गांजलेल्या रयतेच्या मिठातून साठलेली ही शिल्लक! १९०३ पासून हा कर टप्प्याटप्प्याने उतरून १९०७ मध्ये एक रुपयावर आला. त्यात गोखल्यांचा वाटा मोठा, असे मला वाटते.

शिक्षणाच्या बाबतीत मात्र ते हरले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारे विधेयक त्यांनी १९११ मध्ये मांडले. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या घरांना त्यात फी माफ होती. खर्चाची सबब पुढे आली. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९१५ मध्ये गोखले वारले. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा केंद्रीय कायदा अमलात आला, तो २०१० साली.