लाजाळूचे पान आणि कथिलाची तार

चंदीगडच्या सेक्टर 32 मध्ये, जेथे निवृत्तीनंतर माझे वास्तव्य आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथे हृदयाच्या स्पंदनांचा आलेख यंत्रातून सरकत बाहेर येताना पाहिला, की मला आपल्या शाळेच्या कुंपणालगतची लाजाळू आठवते. हलके बोट लावले तर दोन-चार पर्णिका मिटत, टिचकी मारली तर सारे पान झुके. आणि मधल्या सुट्टीत आम्ही पुनःपुन्हा छेडले, की ती काही काळ दादच देत नसे. या अनुभवाला मोजमापाची भाषा देणाऱ्या जगदीशचंद्र बोस यांचे स्मरण हीरक महोत्सवाच्या या ग्रंथात उचित ठरावे.

त्यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. अशा घरांतील मुले इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला बंगाली शाळेत घातले. वर्गात त्याच्या एका बाजूस वडिलांच्या चपराशाचा मुलगा बसे, दुसऱ्या बाजूस कोळ्याचा. पाखरांच्या व जलचरांच्या गोष्टी त्याने याच सोबत्यांकडून ऐकल्या. मुलांच्या माध्यमाविषयी आज धास्तावलेल्या पालकांनी हा तपशील अवश्य लक्षात घ्यावा.

1880 मध्ये ते वैद्यक शिकण्यासाठी लंडनला गेले. पण सततच्या तापामुळे ते सोडून केंब्रिजला विज्ञानाकडे वळले. 1885 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात अध्यापक झाले. गोऱ्या सहकाऱ्यांहून कमी पगार देऊ केला गेला, तेव्हा त्यांनी तीन वर्षे वेतन न घेता शिकवले. अखेर सरकार नमले.

विद्युत्-चुंबकीय लहरींवर काम करताना त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. लहरी टिपणारे धातूचे ग्राहक सतत वापरले, की मंदावत. विसावा मिळताच पुन्हा तरतरीत होत. धातूही थकतो की काय? मग त्यांनी कथिलाची तार आणि भाज्यांचे देठ यांना ठरावीक कोनातून पीळ देऊन उठणारा विद्युत्-प्रतिसाद मोजला. कोन वाढवला तसा प्रतिसाद वाढला. पण एका मर्यादेपुढे पीळ वाढवूनही त्यात फारशी भर पडेना. अतिमंद उद्दीपने एकेकटी निष्फळ ठरत, तीच लागोपाठ दिली तर परिणाम करीत. विषाने वनस्पतीचा प्रतिसाद मावळे, तसा ऑक्झॅलिक आम्लाने धातूचाही; आणि काही द्रव्ये अल्प मात्रेत प्रतिसाद वाढवीत, अधिक मात्रेत तोच दडपीत.

10 मे 1901 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे आलेख मांडले. पदार्थविज्ञानाच्या माणसाने आपल्या प्रांतात यावे, हे काही नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञांना रुचले नाही, आणि रॉयल सोसायटीने त्यांचा निबंध छापला नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. नंतर वनस्पतीची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ घडवला आणि 1917 मध्ये, आपल्या जन्मदिनी, कलकत्त्यात संशोधन मंदिर उघडले. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणाऱ्या पॅट्रिक गेडिस यांनी 1920 मध्ये त्यांचे चरित्र लिहिले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

त्यांचे सारेच प्रतिपादन टिकले असे नाही. झाडात रस चढतो तो पेशींच्या स्पंदनाने, हे मत पुढे मान्य झाले नाही. धातू आणि सजीव यांतील साम्यही त्यांनी जरा जास्तच ताणले, असे मला वाटते. वनस्पतींमध्ये विद्युत्-संदेश वाहतात, ही गोष्ट मात्र आज सर्वमान्य आहे.

त्यांचे विज्ञानविषयक बंगाली लेख 1921 मध्ये ‘अव्यक्त’ या नावाने पुस्तकरूपाने आले. 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे ते निवर्तले. एकोणऐंशीवा वाढदिवस आठवड्यावर आला होता.