होळी न पेटवणारे माधो महाराज

ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे इंग्रजांचे पक्के एकनिष्ठ. जन्म 1876 चा. मुलाचं नाव जॉर्ज जिवाजीराव, मुलीचं मेरी कमलाराजे, आता बोला! जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडीसुद्धा विलायतेत बनलेली.

1905 मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. महाराज त्या वाटेला गेले नाहीत. पण 1921 मध्ये बिर्लांची जियाजीराव कॉटन मिल, आपली जे.सी. मिल, त्यांच्याच राज्यात उभी राहिली. बहिष्कार घाला म्हणणं सोपं. पण त्याच भावात दुसरं कापड नसेल तर भुर्दंड गरिबालाच. म्हणून गिरणी हेही स्वदेशीचंच काम, असं आमचं मत.

1925 मध्ये महाराज पॅरिसला वारले. गिरणी 1990च्या दशकापर्यंत चालली.