पूल बांधणारा माणूस उद्घाटनालाच आला नाही, कारण पुलानेच त्याला अंथरुणाला खिळवलं होतं

तारीख होती २४ मे १८८३. न्यूयॉर्क आणि ब्रुकलिनमध्ये सुट्टीसारखं वातावरण होतं. ईस्ट रिव्हर नदीवर उभा राहिलेला अवाढव्य झुलता पूल त्या दिवशी लोकांसाठी खुला होणार होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर स्वतः हजर होते. बँड वाजत होते, रात्री आतषबाजी होणार होती.

फक्त एक माणूस तिथे नव्हता. ज्याने १४ वर्षं या पुलाचं काम पाहिलं, तो चीफ इंजिनिअर.

तो काही अंतरावरच्या आपल्या घरात, खिडकीपाशी बसून दुर्बिणीतून हा सोहळा बघत होता.

हा तोच ब्रुकलिन ब्रिज, जो तुम्ही 'कल हो ना हो'पासून हॉलिवूडच्या असंख्य सिनेमांत पाहिलाय. आणि त्या माणसाचं नाव वॉशिंग्टन रोबलिंग.

बापाचं गाव, बापाचा कारखाना, बापाचा धाक

वॉशिंग्टनचा जन्म २६ मे १८३७ चा, पेनसिल्व्हेनियातल्या सॅक्सनबर्ग या गावातला. हे गावच मुळात त्याच्या वडिलांनी वसवलेलं. वडील जॉन रोबलिंग हे जर्मनीतल्या म्युलहाउझेनचे. १८३१ मध्ये ते अमेरिकेत आले. आधी शेती करून पाहिली, ती काही जमली नाही. मग ते आपल्या मूळ धंद्याकडे, म्हणजे इंजिनिअरिंगकडे वळले.

त्या काळी जड ओझी ओढायला अंबाडीचे जाडजूड दोर वापरायचे. ते तुटायचे आणि माणसं मरायची. जॉनने त्याऐवजी लोखंडी तारा पिळून दोर बनवायला सुरुवात केली. धंदा जोरात चालला. १८४९ मध्ये कुटुंब न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला आलं आणि तिथे कारखाना उभा राहिला. याच तारांवर जॉन झुलते पूल बांधू लागला आणि देशभर त्याचं नाव झालं.

पण बाहेर नावाजलेला हा माणूस घरात भयंकर होता. वॉशिंग्टनने पुढे वडिलांवर जे लिहून ठेवलं, त्यात मारझोडीच्या आठवणी पानोपानी आहेत. तरीही मुलाने शिक्षण घेतलं ते बापाच्याच विषयाचं. १८५७ मध्ये ट्रॉय इथल्या रेन्सेलर इन्स्टिट्यूटमधून इंजिनिअर होऊन तो वडिलांच्या हाताखाली पिट्सबर्गच्या पुलावर कामाला लागला.

युद्धात गेला आणि बायकोही तिथेच भेटली

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. २४ वर्षांचा वॉशिंग्टन उत्तरेच्या सैन्यात साधा शिपाई म्हणून भरती झाला. इंजिनिअर आहे हे कळल्यावर त्याला नद्यांवर पूल बांधायचं काम मिळालं. शत्रूच्या हालचाली टिपायला तो फुग्यात बसून आकाशातही गेला.

जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गची लढाई झाली. लिटल राउंड टॉप नावाची टेकडी हातची गेली असती, तर उत्तरेची अख्खी फळी धोक्यात आली असती. जनरल गव्हर्नर वॉरन यांनी हे वेळेत ओळखलं. त्यांच्यासोबत तेव्हा वॉशिंग्टन होता. त्या खडकाळ चढावर तोफ चढवायला त्यानेही खांदा लावला. टेकडी वाचली.

गंमत बघा, पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत सैन्याच्या छावणीत नाचगाण्याचा कार्यक्रम होता. तिथे जनरल वॉरन यांची धाकटी बहीण एमिली आली होती. दोघांची ओळख झाली, पत्रव्यवहार सुरू झाला आणि जानेवारी १८६५ मध्ये त्यांचं लग्न झालं.

१८६७ मध्ये हे जोडपं युरोपला गेलं. ही नुसती सहल नव्हती. पाण्याखाली पाया कसा घालतात, हे शिकून यायला वडिलांनी पाठवलं होतं. त्याच प्रवासात म्युलहाउझेनमध्ये, म्हणजे आजोबांच्या जन्मगावीच, त्यांना मुलगा झाला. नाव ठेवलं जॉन. या जोडप्याचं हे एकुलतं एक मूल.

बापाचा पाय चिरडला आणि पूल मुलाच्या गळ्यात पडला

ब्रुकलिन ब्रिजची कल्पना आणि मूळ आराखडा जॉन रोबलिंगचा. पण २८ जून १८६९ ला नदीकाठी मोजमाप घेताना धक्क्याला लागणाऱ्या फेरीबोटीखाली त्याचा पाय चिरडला. डॉक्टरांचं ऐकायच्या ऐवजी त्याने स्वतःच्या मर्जीने पाण्याचे उपचार सुरू ठेवले. धनुर्वात झाला आणि २२ जुलैला तो गेला.

३२ वर्षांचा वॉशिंग्टन चीफ इंजिनिअर झाला. आराखडा होता, पण बारीकसारीक हजारो गोष्टी अजून ठरायच्या होत्या. सगळ्यात मोठा प्रश्न होता पायाचा.

नदीच्या तळाखाली माणसं कामाला कशी उतरवली?

त्यासाठी वापरलं कॅसन. समजा, रिकामा पेला उलटा करून बादलीत दाबला, तर आतली हवा पाणी वर चढू देत नाही. कॅसन म्हणजे असाच एक प्रचंड लाकडी पेला. ब्रुकलिनच्या बाजूचा कॅसन १६८ फूट लांब आणि १०२ फूट रुंद होता. आत दाबाने हवा भरायची, मजुरांनी तळ खणायचा आणि वरून दगडी बांधकाम चढवत जायचं. वजनाने पेटी खाली खाली जाते.

पण हवा फक्त पाणीच अडवत नव्हती. खोली वाढेल तसा दाब वाढवावा लागतो. त्या दाबाखाली हवेतला नायट्रोजन माणसाच्या रक्तात आणि मांसपेशींत विरघळतो. माणूस झटकन वर आला, की सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. मग सांधे आखडतात, लकवा मारतो, कधी जीवही जातो. उपाय सोपा होता, सावकाश वर यायचं. पण तेव्हा हे कोणालाच नीट माहीत नव्हतं.

वॉशिंग्टन वर बसून हुकूम सोडणारा साहेब नव्हता. तो स्वतः रोज खाली उतरायचा. डिसेंबर १८७० मध्ये कॅसनच्या लाकडी छताला आग लागली, तेव्हा ती विझवायला तो तासन्‌तास आत राहिला आणि बाहेर आल्यावर कोसळला.

मॅनहॅटनची बाजू आणखी खोल होती. मे १८७२ मध्ये खोदाई साडेअठ्ठ्याहत्तर फुटांवर पोचली, तोवर मजूर मरायला लागले होते. खडक अजून खाली होता. तिथवर जायचं तर आणखी किती जीव जातील, सांगता येत नव्हतं. वाळूचा थर घट्ट आहे, भार पेलेल, असा अंदाज बांधून वॉशिंग्टनने खोदाई थांबवली. तो मनोरा आजही त्याच वाळूवर उभा आहे.

पण त्याच वर्षी त्याची स्वतःची तब्येत कायमची ढासळली. वेदना, अशक्तपणा, अधू झालेली नजर. लोकांशी बोलणंही सोसेना.

मग पुढची ११ वर्षं काम कोणी चालवलं?

इथे एमिली पुढे आली. आधी ती नवऱ्याच्या सूचना लिहून घ्यायची. मग तिने गणित, साहित्याची ताकद, केबलचा बाक, हे सगळं शिकून घेतलं. रोज कामावर जायचं, इंजिनिअरांचे प्रश्न ऐकायचे, उत्तरं पोचवायची, ठेकेदारांशी आणि राजकारण्यांशी बोलायचं. खरी चीफ इंजिनिअर हीच आहे, असं काहींना वाटू लागलं होतं.

संकटं थांबली नव्हती. १८७८ मध्ये उघड झालं, की तारेचा ठेकेदार लॉइड हेग तपासणीत पास झालेल्या तारेच्या जागी खराब माल पाठवतोय. ती तार केबलमध्ये बसूनही गेली होती. पण वॉशिंग्टनने केबल गरजेच्या सहापट मजबूत धरली होती. घोटाळ्यानंतरही ती सुमारे पाचपट मजबूत राहिली. त्याने प्रत्येक केबलला सुमारे दीडशे तारा जास्तीच्या लावून घेतल्या. ती खराब तार आजही पुलात आहे.

१८८२ मध्ये ब्रुकलिनचे महापौर सेथ लो यांनी या आजारी इंजिनिअरला काढायचा घाट घातला. मतदान झालं. १० विरुद्ध ७ मतांनी वॉशिंग्टन टिकला.

पुढच्या मे महिन्यात पूल खुला झाला. मधला गाळा १,५९५ फुटांचा, तेव्हा जगातला सगळ्यात लांब. त्याआधी गाडीतून पूल ओलांडायचा पहिला मान एमिलीला मिळाला. तिच्या मांडीवर विजयाचं चिन्ह म्हणून एक कोंबडा होता. समारंभ संपल्यावर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला भेटायला त्याच्या घरी गेले.

आजारी माणूस सगळ्यांच्या मागे उरला

एमिलीने पुढे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठातून कायद्याचा अभ्यासक्रम पूर्ण केला. १९०३ मध्ये कॅन्सरने ती गेली. १९०८ मध्ये वॉशिंग्टनने दुसरं लग्न केलं. १९१२ मध्ये त्याचं नाव लावणारा पुतण्या टायटॅनिकसोबत बुडाला. कारखाना सांभाळणारे फर्डिनंड आणि चार्ल्स हे धाकटे भाऊ गेले. १९२१ मध्ये कंपनीचा अध्यक्ष असलेला दुसरा पुतण्याही अचानक वारला.

तेव्हा ८४ वर्षांचा वॉशिंग्टन पुन्हा कामावर आला आणि कंपनीचा अध्यक्ष झाला. २१ जुलै १९२६ ला, ८९ व्या वर्षी तो गेला. त्याला कोल्ड स्प्रिंगला, एमिलीच्या गावी, तिच्याच शेजारी पुरलं.

पुढे गोल्डन गेट ब्रिजच्या केबलही याच रोबलिंग कंपनीने बनवल्या. आणि ब्रुकलिन ब्रिजच्या मनोऱ्यावर आज एक पाटी आहे. तिच्यावर जॉन आणि वॉशिंग्टन यांच्यासोबत तिसरं नाव आहे एमिलीचं.