जीप नक्की कुणी बनवली? के. सी. महिंद्रांची खरी गोष्ट आणि फॉरवर्डमधली अर्धी सत्यं

समजा, तुमच्या ग्रुपवर एक पोस्ट आली. हिरव्या रंगाची जुनी जीप, बॉनेटवर पांढरा तारा. खाली लिहिलंय की ही दुसऱ्या महायुद्धातली ओरिजिनल विलीज, कल्याणच्या मिलिटरी कॅम्पमधून निघालेली. टोकन आजच पाठवा, नाहीतर गाडी जाईल.

तुम्ही उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरचे असाल तर ही गोष्ट लगेच पटते. कारण तिच्यात थोडं खरं आहे. आजचं उल्हासनगर जिथे आहे, तिथे महायुद्धाच्या काळात खरंच लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प होता. म्हणून तर आपण अजूनही पत्ता सांगताना कॅम्प नंबर ३, कॅम्प नंबर ४ असं सांगतो. पण कॅम्प खरा होता म्हणून ती जीपही खरी, असं होत नाही.

जीपच्या इतिहासाबद्दल असे बरेच दावे फिरतात. महिंद्राने जीप शोधली, बार्नी रूजने शोधली, अमुक साली पहिली भारतीय जीप आली, कंपनीच्या नावातला मोहम्मद कुणीतरी मुद्दाम लपवला. हे सगळे दावे एका माणसाच्या आयुष्याला येऊन भिडतात. तो माणूस म्हणजे कैलाशचंद्र, म्हणजेच के. सी. महिंद्रा. त्यांचं आयुष्य तारखांसकट नीट पाहिलं, की खरं काय आणि खोटं काय ते आपोआप वेगळं होतं. चला तर मग, पाहूया.

लुधियाना ते केंब्रिज

के. सी. यांचा जन्म १८९४ सालचा, पंजाबातल्या लुधियानाचा. थोरले भाऊ जगदीशचंद्र, म्हणजे जे. सी., त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले आणि घराची जबाबदारी जे. सीं.वर आली. त्यांनी भावंडांचं शिक्षण थांबू दिलं नाही. के. सी. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजमध्ये शिकले आणि तिथून इंग्लंडला केंब्रिजला गेले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. दोघा भावांपैकी कुणीही गाड्या डिझाइन करणारा नव्हता. जे. सी. पोलादाच्या धंद्यातले, टाटा स्टीलमध्ये विक्रीचं काम बघायचे आणि युद्धाच्या काळात सरकारचे स्टील कंट्रोलर झाले. के. सी. उद्योग आणि कारभार समजणारे होते. लिहायचेही. मार्टिन कंपनीचे प्रसिद्ध उद्योगपती सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांचं चरित्र त्यांनी लिहिलंय.

१९४२: अमेरिका आणि जीपची ओळख

१९४२ साली के. सी. अमेरिकेतल्या इंडियन सप्लाय मिशनचे प्रमुख झाले. युद्धासाठी भारताला लागणारा माल तिथून मिळवायचा, हे काम. याच काळात त्यांची विलीज-ओव्हरलँड कंपनीचे इंजिनिअर बार्नी रूज यांच्याशी भेट झाली. कुठल्याही रस्त्यावर, रस्ता नसेल तिथेही चालणारी ही गाडी भारतातल्या कच्च्या रस्त्यांसाठी एकदम फिट आहे, हे त्यांच्या डोक्यात तिथे बसलं.

ही भेट सांगताना भारतात अनेक ठिकाणी रूज यांना जीपचे जनक म्हटलं जातं. हा दावा क्रमांक एक. आता तारखा बघा.

१९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना छोट्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीसाठी विचारलं. नमुना द्यायला मुदत होती फक्त ४९ दिवस. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बँटम ही छोटी, डबघाईला आलेली कंपनी पुढे आली. तिने डेट्रॉईटच्या कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावलं. कॉन्ट्रॅक्ट मिळालं तरच पैसे, या बोलीवर ते आले आणि दोन-तीन दिवसांत त्यांनी गाडीचा मूळ आराखडा कागदावर उतरवला. २३ सप्टेंबर १९४० ला, मुदत संपायला अर्धा तास बाकी असताना, बँटमची गाडी मेरीलँडच्या लष्करी तळावर पोचली.

बँटम एवढ्या गाड्या बनवू शकणार नाही, अशी लष्कराला भीती होती. म्हणून त्यांनी तिचं डिझाइन विलीज आणि फोर्डलाही दाखवलं. विलीजकडे रूज यांनी सुधारलेलं ताकदवान इंजिन होतं. मोठी ऑर्डर विलीजला मिळाली आणि त्याच आराखड्यावर फोर्डनेही गाड्या बनवल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून ६ लाखांवर जीप तयार केल्या. बँटमच्या वाट्याला आल्या सुमारे २,७०० गाड्या आणि पुढे जीपच्या मागे ओढायच्या ट्रेलरची ऑर्डर.

म्हणजे रूज यांचं इंजिन खरं, पण पहिली गाडी प्रॉब्स्ट आणि बँटमची. आणि ही चूक आजच्या सोशल मीडियाची नाही बरं का! जीप आम्हीच घडवली, अशा जाहिराती विलीजने युद्ध चालू असतानाच केल्या होत्या. १९४३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याविरुद्ध तक्रार दाखल केली आणि १९४८ मध्ये असा दावा करायला कंपनीला मनाई केली. पण १९५० साली जीप या नावाचा ट्रेडमार्क शेवटी विलीजलाच मिळाला. खोटी गोष्ट कायद्याने थांबवली तरी लोकांच्या डोक्यातून जात नाही, ती अशी.

१९४५: भागीदार

युद्ध संपलं आणि दोघा भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर २ ऑक्टोबर १९४५ ला कंपनी काढली. नाव महिंद्रा अँड मोहम्मद. धंदा गाड्यांचा नाही, पोलादाचा. दरम्यान १९४६ साली के. सी. देशातल्या कोळसा खाणींचा अभ्यास करणाऱ्या सरकारी समितीचे अध्यक्षही होते.

मग १९४७ ची फाळणी आली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये इथल्या कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं.

यावर मसालेदार फॉरवर्ड बनवणं खूप सोपं आहे. एक हिंदू नाव, एक मुसलमान नाव, मध्ये पाकिस्तान. दावा क्रमांक दोन इथून जन्मतो, की मोहम्मद हे नाव कुणीतरी लपवलं. खरं तर लपवण्यासारखं काही नाही. भागीदार दुसऱ्या देशात मंत्री झाला, म्हणून नाव बदललं. कंपनी स्वतःच्या इतिहासात हे उघड सांगते.

आणि आपल्या भागाला ही गोष्ट परकी नाही. ज्या फाळणीमुळे गुलाम मोहम्मद मुंबईच्या कंपनीतून कराचीच्या सरकारात गेले, त्याच फाळणीमुळे सिंधमधली हजारो कुटुंबं कल्याण कॅम्पच्या रिकाम्या बराकींमध्ये राहायला आली. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या कॅम्पचं नाव उल्हासनगर झालं. कंपनीचं बदललेलं नाव आणि आपल्या शहराचं नवं नाव, दोन्ही एकाच घटनेतून आलेत. तेव्हा या विषयावरचा भडकाऊ मेसेज पुढे पाठवण्याआधी जरा विचार करा.

१९४७ की १९४९?

पहिली भारतीय जीप कधी आली, यावर कॉमेंटमध्ये भांडणं होतात. एक म्हणतो १९४७, दुसरा म्हणतो १९४९. गंमत म्हणजे दोघांकडेही आधार असतो. १९४७ मध्ये सुट्या भागांच्या स्वरूपात पहिल्या ७५ गाड्या विलीजकडून आल्या. मुंबईत माझगावला जागा घेऊन तिथल्या कारखान्यात विलीज जीप जोडून तयार झाली ती १९४९ मध्ये. आयात वेगळी, जोडणी वेगळी आणि सगळे भाग इथे बनवणं वेगळं. ते शेवटचं काम पुढची अनेक वर्षं टप्प्याटप्प्याने झालं. दावा क्रमांक तीन इथेच सुटतो. वर्ष खरं असतं, पण त्या वर्षी नेमकं काय झालं ते पोस्टमध्ये नसतं.

के. सीं.चं श्रेय यामुळे कमी होतं का? अजिबात नाही. त्यांनी जीप शोधली नाही. पण परक्या देशात पाहिलेली गाडी आपल्याकडे कशी आणायची, तिचा कारखाना कसा उभा करायचा, हे त्यांनी करून दाखवलं. १९५१ मध्ये जे. सी. गेले. त्यानंतरही के. सी. कंपनीचे अध्यक्ष म्हणून काम करत राहिले. १९५४ मध्ये विलीजबरोबर तांत्रिक करार झाला. त्याआधी १९५३ मध्ये त्यांनी शिक्षणासाठी ट्रस्ट सुरू केला. मुलींच्या शिक्षणाचा नन्ही कली हा उपक्रम पुढे १९९६ मध्ये याच ट्रस्टमधून निघाला.

के. सी. १९६३ साली गेले. त्याच वर्षी तिकडे कार्ल प्रॉब्स्टही गेले. के. सीं.चं नाव आज ट्रस्टवर आहे, प्रॉब्स्टचं नाव जीपवाल्यांपैकीही थोड्यांनाच माहीत आहे. चुकीच्या फॉरवर्डने काय बिघडतं, असं कुणी विचारलं तर हे उत्तर आहे. एखाद्या माणसाचं आयुष्यभराचं काम दुसऱ्याच्या नावावर जातं.

आता त्या पोस्टमधली जीप तपासूया

दुसरं नुकसान थेट तुमच्या खिशाचं. म्हणून टोकन पाठवण्याआधी हे करा:

१. फोटो झूम करा आणि पुढच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजा. अगदी सुरुवातीच्या पट्ट्यांच्या जाळीवाल्या गाड्या सोडल्या, तर युद्धातल्या जीपला ९ फटी असतात. ही जाळी मुळात फोर्डची, विलीजने ती नंतर घेतली. ७ फटी दिसल्या तर गाडी बहुधा युद्धानंतरची.

२. बॉनेट खूप उंच आहे का बघा. तसं असेल तर ती सीजे-३बी असू शकते. हे मॉडेल १९५३ साली आलं आणि महिंद्राने ते पुढे कितीतरी वर्षं बनवलं. गाडी मस्तच, पण ती महायुद्धातली नाही.

३. स्टिअरिंग बघा. युद्धातल्या जीपचं स्टिअरिंग डावीकडे असायचं.

४. जाळी, बॉनेट, स्टिअरिंग सगळं बदलता येतं. म्हणून चॅसिस नंबरचा फोटो मागा. युद्धातल्या विलीजच्या नंबराआधी एमबी आणि फोर्डच्या नंबराआधी जीपीडब्ल्यू ही अक्षरं असतात. तो नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळवा आणि एम-परिवहन ॲपवर गाडीची नोंद बघा.

५. पोस्टमधला फोटो गुगल लेन्सवर टाका. तोच फोटो दुसऱ्या शहराच्या नावाने सापडला, तर विषय संपला.

६. गाडी समोर जाऊन बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

इतिहासाच्या पोस्टलाही हीच पद्धत लावा. कोण, कुठे, कुठल्या साली आणि नेमकं काय केलं, हे चार प्रश्न विचारा. एकाचंही उत्तर पोस्टमध्ये नसेल तर ती पुढे ढकलू नका.

तसं बघायला गेलं तर हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. मालावर मेड इन यूएसए लिहिलंय, पण यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जोक आपण लहानपणापासून ऐकतोय. लेबल वाचून हसायचं आणि मग वस्तू उलटीसुलटी करून बघायची. फोनवर आलेल्या गोष्टीचंही तेच करा.

तुमच्या ग्रुपवर जीपचा असा कुठला दावा आलाय? वरचे चार प्रश्न विचारून बघा आणि काय निघालं ते ग्रुपवर नक्की सांगा!