नदीकाठचा हेमिंग्वे

पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने' या अनुवादामुळे अर्नेस्ट हेमिंग्वे मराठी वाचकाच्या घरात आला तो समुद्रावरून. म्हातारा कोळी, त्याची होडी आणि तो प्रचंड मासा हे चित्र मनात इतके पक्के बसते, की लेखकही जन्मभर खोल समुद्रावरच रमला असेल असे वाटते. क्यूबाच्या समुद्रात त्याने मोठमोठे मार्लिन पकडले हे खरेच. पण त्याच्या आयुष्याचा धागा मागे नेला, तर तो थंड पाण्याच्या लहान नद्यांपाशी आणि तिथल्या ट्राउट माशापाशी जाऊन पोहोचतो.

हेमिंग्वेचा जन्म २१ जुलै १८९९ रोजी शिकागोजवळच्या ओक पार्क गावी झाला. वडील डॉक्टर, पण मन रानात रमणारे. मिशिगन राज्यात वलून सरोवराच्या काठी या कुटुंबाचे उन्हाळी घर होते. तेथे वडिलांनी या मुलाच्या हाती फार लहानपणी गळ दिला. पाण्यापाशी गप्प बसावे, डोळे उघडे ठेवावेत, हा संस्कार तेथला.

पहिल्या महायुद्धात तो रेड क्रॉसचा रुग्णवाहिका-चालक म्हणून इटलीत गेला. ८ जुलै १९१८ च्या रात्री तोफगोळा जवळच फुटला आणि पायांत धातूचे शेकडो तुकडे घुसले. त्याला एकोणीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. जखमा भरल्या, तो घरी परतला. पण झोप मात्र परतली नाही. १९१९ च्या उन्हाळ्याअखेर दोन मित्रांबरोबर तो मिशिगनच्या उत्तर टोकाला, सेनी गावाजवळच्या फॉक्स नदीवर ट्राउट पकडायला गेला. या सहलीतून पुढे 'बिग टू-हार्टेड रिव्हर' ही १९२५ साली प्रसिद्ध झालेली कथा जन्मली. युद्धावरून आलेला एक तरुण तंबू ठोकतो, जेवण रांधतो, नाकतोडे पकडून गळाला लावतो आणि मासे धरतो. कथेत एवढेच घडते. युद्धाचा उल्लेखही नाही. तरीही वाचकाला त्या तरुणाच्या मनातली जखम ओळीओळीत जाणवते. दुःख न सांगता दुःख कळवण्याची ही कला पुढे जगभर त्याच्या नावाने ओळखली गेली.

१९२८ च्या डिसेंबरात वडिलांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. ज्या हातांनी गळ धरायला शिकवले, त्याच हातांचे हे कृत्य. १९३० च्या उन्हाळ्यात हेमिंग्वे पत्नी आणि मुलगा जॅक यांना घेऊन अमेरिकेच्या पश्चिमेकडे, वायोमिंगच्या डोंगराळ भागात गेला. यलोस्टोन नदीला मिळणारी क्लार्क्स फोर्क नावाची नदी तेथून वाहते. तिच्या काठच्या नॉर्डक्विस्ट यांच्या रँचवर, लाकडी ओंडक्यांच्या खोलीत, तो राहिला. सकाळी 'डेथ इन द आफ्टरनून' या बैलझुंजीवरील पुस्तकाचे लेखन आणि मग नदी, असा क्रम.

येथली मासेमारी आपल्या ओळखीची नाही, म्हणून थोडे सांगायला हवे. ट्राउट थंड, स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात राहतो. प्रवाहाकडे तोंड करून तो एका जागी तोल सांभाळतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. त्याला फसवण्यासाठी गळाच्या आकड्यावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवतात. ही माशी इतकी हलकी असते, की ती स्वतःच्या वजनाने लांब जात नाही. म्हणून दोरच जड ठेवतात आणि लवचिक काठीच्या झोताने त्या दोराला हवेत उलगडतात. माशी पाण्यात अलगद पडली पाहिजे, खऱ्या किड्यासारखी वाहिली पाहिजे. हेमिंग्वे एका दोराला अशा तीन माश्या बांधून त्या पाण्याखालून वाहू देत असे. या कामात ताकदीचा उपयोग थोडा; नेमकेपणाचा आणि धीराचा फार. त्याच्या छोट्या, घासूनपुसून घेतलेल्या वाक्यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात माँटानातील बिलिंग्जजवळ त्याची मोटार उलटली आणि लिहिता उजवा हात मोडला. कित्येक आठवडे रुग्णालयात गेले. तरीही १९३२, १९३६, १९३८ आणि १९३९ साली तो त्या नदीकडे परत गेला. मग १९४० च्या सुमारास एक घटना घडली. मासेमारीच्या सामानाने भरलेली त्याची पेटी रेल्वेने पाठवताना हरवली. वर्षानुवर्षे जमवलेल्या काठ्या, रिळे, माश्या सारे गेले. त्यानंतर त्याने ट्राउटची मासेमारी जवळजवळ सोडली, असे जॅकने आपल्या आठवणींत लिहिले आहे. नवे सामान घेण्याइतका पैसा हेमिंग्वेजवळ होता. पण सामानाबरोबर गेलेला काळ दुकानात मिळत नसतो.

पुढे कीर्ती वाढली, १९५४ साली नोबेल पारितोषिक आले. शरीर आणि मन मात्र खचत गेले. १९५९ मध्ये त्याने आयडाहो राज्यातील केचम गावी घर घेतले. खाली बिग वुड नदी वाहत होती, तीही ट्राउटचीच. पण विषण्णतेने त्याला घेरले होते. रुग्णालयात विजेचे धक्के देऊन उपचार झाले, तरी गुण आला नाही. २ जुलै १९६१ रोजी त्याने वडिलांचाच मार्ग धरला.

तरुणपणी नदीने सावरलेला माणूस नदी समोर असताना का कोसळला, असा प्रश्न मनात येतो. त्याला दुबळा ठरवून हा प्रश्न मिटवणे अन्यायाचे होईल. मनाचा आजार हा आजारच असतो. नदी मनाला उसंत देऊ शकते. प्रत्येक दुखणे बरे करण्याचे ओझे तिच्यावर घालता येत नाही.

जॅकने मात्र वडिलांचा हा वारसा जपला. १९४४ साली शत्रूच्या ताब्यातील फ्रान्समध्ये हवाई छत्रीने उतरतानाही त्याने गळाची काठी सोबत नेली होती. १९७० नंतरच्या दशकात आयडाहोच्या मत्स्य व वन्यजीव आयोगावर असताना, पकडलेला मासा जिवंत परत सोडावा या नियमाचा त्याने पाठपुरावा केला. केचमजवळच्या सिल्व्हर क्रीक या निर्मळ ओढ्याचा काठ १९७६ साली राखून ठेवण्यात आला, त्यामागेही त्याची खटपट होती. जॅक २००० साली वारला. आजोबांनी मुलाच्या हाती दिलेला गळ नातवापर्यंत पोहोचला, आणि नातवाने त्यातून मासा पाण्यात परत सोडण्याची रीत पुढे नेली. हेमिंग्वेचे चरित्र वाचताना त्याच्या अखेरच्या सकाळीपाशी आपण थांबतो. त्याच्या घराण्याची गोष्ट मात्र त्या ओढ्यापर्यंत वाहत गेली आहे.